सरकारी वकील कोणाचा?

निफाडच्या कोर्टाच्या आवारात सकाळी अकराच्या सुमारास थोडा वेळ उभे राहावे. लासलगाव, पिंपळगाव, ओझर, सायखेडा अशा निरनिराळ्या पोलीस ठाण्यांच्या हद्दींतून माणसे आलेली असतात. कोणाच्या खिशात समन्सची घडी, कोणाच्या पिशवीत भाकरी, कोणी कांद्याची गोणी वाहनात चढवून तसाच आलेला. त्यांतला एखादा दबकत विचारतो, "आपला वकील कुठं बसतो हो?" आपला म्हणजे सरकारी. ज्याच्या घरी चोरी झाली, ज्याच्या मुलीला त्रास झाला, ज्याचे डोके फुटले, अशा माणसाला कोर्टात फी न देता लाभणारा एकच वकील असतो, आणि त्याचे नावही त्याला ठाऊक नसते. या माणसाविषयी, म्हणजे सहायक सरकारी अभियोक्ता नावाच्या अधिकाऱ्याविषयी आणि त्याच्या कचेरीविषयी, आम्ही आज चार गोष्टी सांगणार आहोत. आम्ही कायद्याची पदवी घेतलेली नाही. आमचे शिक्षण युनियनच्या कचेरीत आणि कोर्टाच्या व्हरांड्यात झाले, हे श्रोत्यांनी आधीच ध्यानात घ्यावे.

लोकांचे याबाबतीत तीन समज आहेत. पहिला असा की, सरकारी वकील म्हणजे गरिबाला फुकट मिळणारा वकील. तसे नाही. ज्याला ऐपत नाही त्याच्यासाठी तालुका विधी सेवा समिती आहे आणि तेथे आरोपीलाही वकील मिळतो. दुसरा समज असा की, तो पोलिसांचा वकील. आणि तिसरा, की तो सत्तेवर असलेल्या सरकारचा वकील. हे दोन्ही समज चूक आहेत; पण ते आकाशातून पडलेले नाहीत, त्यांना इतिहास आहे.

इंग्रजांनी १८९८ साली केलेली फौजदारी कार्यसंहिता आपल्याकडे पाऊणशे वर्षे चालली. त्या काळात मॅजिस्ट्रेटच्या कोर्टातील खटले पोलीस प्रॉसिक्युटर चालवीत, आणि ते पोलीस खात्याचेच नोकर असत. ज्या खात्याने माणूस पकडला, त्याच खात्याचा माणूस कोर्टात उभा राहून त्याला शिक्षा मागे. मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालच्या विधी आयोगाने १९५८ सालच्या चौदाव्या अहवालात ही दोन कामे वेगळी करावीत असे सुचविले. पुढे १९७३ ची नवी संहिता आली, ती १ एप्रिल १९७४ पासून लागू झाली, आणि तिच्या पंचविसाव्या कलमाने सहायक सरकारी अभियोक्ता हे पद निर्माण केले. महाराष्ट्र सरकारने काय केले? होते तेच पोलीस प्रॉसिक्युटर या नव्या पदावर नेमले आणि त्यांना पोलीस खात्याच्याच ताब्यात ठेवले. पाटी बदलली, खुर्ची तीच! अखेर या वकिलांपैकीच काही जण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि १९९५ साली शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात न्यायालयाने सरकारला स्पष्ट बजावले की, या वकिलांचा संवर्ग पोलिसांपासून वेगळा करा, त्यांच्यावर स्वतंत्र प्रमुख नेमा आणि तो सरकारला जबाबदार असू द्या. आज ही माणसे लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून येतात आणि अभियोग संचालनालयाखाली काम करतात. निफाड हे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे जन्मगाव, जन्म १८४२ चा. सरकारी नोकरीत राहूनही स्वतःचे मत राखणारा न्यायाधीश म्हणून त्यांचे नाव आपण घेतो. पण साध्या मॅजिस्ट्रेट कोर्टातल्या वकिलाला पोलिसांपासून सुटे व्हायला त्यांच्या जन्मानंतर दीडशेहून अधिक वर्षे लागली.

आम्ही सरकारी वकील प्रथम पाहिला तो आरोपीच्या पिंजऱ्यातून. नव्वद सालानंतरची गोष्ट. एका कारखान्याच्या फाटकासमोर आम्ही धरणे धरले होते, ढकलाढकली झाली, आणि आमच्यापैकी चौदा जणांवर खटला झाला. सरकारी वकील म्हणजे शत्रू, अशी आमची तेव्हा पक्की खात्री होती. तिसऱ्या तारखेला त्या गृहस्थांनी उभे राहून कोर्टाला सांगितले की, यांतील तिघांची नावे फिर्यादीत आहेत खरी, पण त्यांना त्या जागी पाहणारा एकही साक्षीदार कागदावर नाही. पोलीस हवालदाराचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. आम्ही मात्र गोंधळून गेलो. आमच्या वकिलाने जे सांगायचे ते यांनी का सांगितले? पुष्कळ वर्षांनी वाचनातून उलगडा झाला. सरकारी वकिलाचे काम शिक्षा मिळवणे हे नसून, जे घडले ते सगळे, आरोपीच्या बाजूचे असले तरीही, कोर्टापुढे ठेवणे हे आहे. सर्वोच्च न्यायालयाने हे वेळोवेळी सांगितले आहे. आणि खाजगी वकिलाच्या हाती खटला देत नाहीत याचे कारणही हेच. फिर्यादीला सूड हवा असू शकतो. सरकारी वकिलाला तो असता कामा नये. म्हणून फिर्यादीने स्वतःचा वकील दिला, तरी तो सरकारी वकिलाच्या हाताखाली, त्याला मदत करण्यापुरताच असतो.

खटला मागे घेण्याचा अधिकार हाही असाच गैरसमजाचा विषय. नोव्हेंबर १९८० मध्ये नाशिक जिल्ह्यात ऊस-कांद्याचे आंदोलन झाले, रस्ते आणि रेल्वे अडल्या, हजारो शेतकऱ्यांना अटक झाली. आमचे वडीलधारे त्या गोष्टी सांगत असत. त्यानंतर प्रत्येक आंदोलनाच्या शेवटी पुढारी व्यासपीठावरून घोषणा करतात, "केसेस मागे घेतल्या!" लोक टाळ्या वाजवतात, आणि दोन वर्षांनी वॉरंट घरी येते. कारण घोषणेने खटला संपत नाही. सरकारने ठरवले तरी सरकारी वकिलाने कागद स्वतः पाहून, स्वतःच्या बुद्धीने, अर्ज करायचा असतो आणि त्याला कोर्टाची संमती लागते. मंत्र्याच्या चिठ्ठीवर नुसता अंगठा उठवणे हे त्याचे काम नव्हे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत यात एक चांगली भर पडली: ज्याचे नुकसान झाले त्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय कोर्टाने खटला मागे घेऊ देऊ नये.

आता आम्ही स्वतःच्या चुकीची एक हकीगत सांगतो. सांगताना सुख वाटत नाही, पण या विषयाचा गाभा तीत आहे.

काही वर्षांपूर्वी तालुक्यातल्या एका कारखान्यात यंत्राला जाळी नसल्यामुळे एका मजुराचा उजवा हात मनगटापासून गेला. निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदला गेला. आम्ही मोर्चा काढला, नुकसानभरपाईचा वेगळा दावा लावला, वर्तमानपत्रांत बातमी आणली. फौजदारी खटल्यात चार सोबती साक्षीदार होते, चौघेही रोजंदारीवर. पहिल्या तारखेला आम्ही त्यांना घेऊन गेलो. आरोपीच्या वकिलाने मुदत मागितली. दुसऱ्या तारखेला साहेब रजेवर. तिसऱ्या तारखेला आम्ही दुसऱ्या संपात गुंतलो होतो, गेलो नाही. बुडालेली मजुरी युनियन भरून देईल असा शब्द आम्ही दिला होता, तोही पाळला गेला नाही. शेवटी साक्षी झाल्या तेव्हा चौघांपैकी दोघांनी सांगितले, आम्ही त्या वेळी पाठमोरे होतो, काही पाहिले नाही. सरकारी वकील एक तरुण बाई होत्या. कोर्टाच्या परवानगीने त्यांनी त्या दोघांची उलटतपासणी घेतली, पोलिसांना दिलेला जबाब समोर ठेवला; पण नाही म्हणणाऱ्यापुढे कागद काय करणार! आरोपी सुटला.

आम्ही बाहेर येऊन त्या दोघांना फितूर म्हणालो, आणखीही बरेच म्हणालो. बाई फायली आवरून जात होत्या, त्या थांबल्या. म्हणाल्या, "काका, तो तीन वेळा आला आणि तीन वेळा साक्ष न देता परत गेला. चौथ्या वेळी त्याला कोणी भेटलं असेल, मला ठाऊक नाही. पण त्या तीन वेळा माझ्या खोलीत त्याच्याबरोबर तुमच्यापैकी कोणी आलं असतं, तर मी भत्त्याचा अर्ज तरी दिला असता." आम्ही विचारले, "मॅडम, भत्ता मिळतो?" फौजदारी खटल्यातील फिर्यादीला आणि साक्षीदाराला येण्याजाण्याचा वाजवी खर्च सरकारने द्यावा असा हुकूम कोर्ट राज्याच्या नियमांनुसार करू शकते. ती तरतूद १९७३ च्या संहितेत होती, आजच्या संहितेतही आहे. आम्ही वीसहून अधिक वर्षे कामगारांत घालवून हे आम्हांला माहीत नव्हते. तसेच, साक्षीदार हजर असताना साक्ष न घेता तारीख द्यायची झाली तर कोर्टाला लेखी कारण नोंदवावे लागते, हेही त्याच दिवशी कळले. हात गेलेल्या गड्याला त्या बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली: ३१ डिसेंबर २००९ पासून अशा माणसाला, सरकार करो वा न करो, सुटकेविरुद्ध स्वतः अपील करता येते. त्याने ते केले नाही. "पुन्हा तेच साक्षीदार, नाना," एवढेच आम्हांला म्हणाला.

या कचेरीचे बळ असे दुसऱ्यांच्या हातात आहे. तपास पोलिसांचा, सरकारी वकील त्यात हात घालू शकत नाही आणि घालूही नये. निकाल न्यायाधीशाचा. सत्य साक्षीदाराचे. मधल्या माणसापाशी एक कपाट, फायलींचा ढीग आणि प्रश्न विचारण्याचा हक्क एवढेच असते. नव्या संहितेने जिल्ह्याजिल्ह्यात अभियोग संचालनालय असावे असे म्हटले आहे, आणि सात वर्षे व त्याहून जास्त, परंतु दहा वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलिसांचा अहवाल उपसंचालकाने तपासून पाहावा अशी सोय केली आहे. हे चांगलेच, कच्चा कागद कोर्टात जाण्याआधी कोणीतरी जाणत्याने पाहावा. मात्र संचालनालय ठेवले आहे गृहखात्याखाली, आणि पोलीसही त्याच खात्याखाली. एका छपराखाली दोन खोल्या. मधली भिंत किती जाड राहील हे छपराच्या मालकावर अवलंबून, असे आम्हांला वाटते.

द्राक्षबागाईतदारांसाठी एक वेगळी सूचना, कारण दर हंगामात हा घोळ होतो. व्यापारी माल नेतो, चेक देतो, चेक वटत नाही. शेतकरी सरकारी वकिलाकडे धावतो. चेकचा खटला हा खाजगी फिर्यादीचा, त्यात सरकारी वकील नसतो. बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस, नोटीस पोचल्यावर पैसे देण्यास पंधरा दिवस, आणि ते उलटल्यावर एक महिन्याच्या आत कोर्टात फिर्याद, हे गणित चुकले की खटला धोक्यात येतो. व्यापाऱ्याने मुळातच बुडवायच्या इराद्याने माल नेला असेल तर तो फसवणुकीचा गुन्हा. त्याची फिर्याद पोलीस ठाण्यात आणि खटला सरकारी वकिलाकडे. या दोन वाटा एकत्र चालता येतात, पण एकीवर बसून दुसरीची वाट पाहू नये.

राहिले साक्षीदाराचे. समन्स आले की ज्या कोर्टाचे नाव त्यावर असेल, तेथे वेळेआधी अर्धा तास जावे आणि आधी सरकारी वकिलाला भेटावे. त्यात गैर काही नाही; वकिलाने प्रकरण समजून घेणे निराळे आणि साक्ष पढवणे निराळे. आठवत नसेल तर आठवत नाही म्हणावे. कोणी धमकावत असेल तर तेही सांगावे. साक्षीदारांच्या संरक्षणाची योजना सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये देशभर लागू केली आहे. तीत जिल्हा न्यायाधीश समितीचे अध्यक्ष, पोलीस प्रमुख सदस्य, आणि जिल्ह्याच्या अभियोग विभागाचे प्रमुख सदस्य-सचिव असतात. अर्ज त्यांच्याकडेच जातो. भत्त्याचा अर्ज साक्ष झाली त्याच दिवशी द्यावा.

आमच्या कचेरीत आता हजेरीपटाशेजारी कोर्टाच्या तारखांची एक वही टांगलेली आहे. तारखेच्या आदल्या संध्याकाळी कोण कोणाबरोबर जाणार त्याचे नाव समोर लिहितो, आणि मजुरीचे पैसे सकाळी निघण्यापूर्वी हातात देतो.