कान्हाच्या वाटेवर मुक्काम कोठे करावा?

कॅराव्हॅन म्हणजे चाकांवरचे घर. पण ते रात्री कोठे उभे करायचे, हे निघण्यापूर्वीच ठरवावे लागते. गोंदियाहून बालाघाट, बैहरमार्गे कान्हा व्याघ्र प्रकल्पाच्या मुक्की प्रवेशद्वाराकडे जाताना तर हे अगत्याचे ठरते.

पहिला मुक्काम वैनगंगेकाठच्या बालाघाट शहरात करावा. इंधन, पाणी व शिधा येथेच भरून घ्यावा. पुढे बैहरपर्यंत घाट आणि जंगल आहे. वन्यप्राणी रस्ता ओलांडत असल्याने हा टप्पा उजेडातच पार करावा. वाटेवरील गांगुलपारा तलाव व धबधबा दिवसाच्या विसाव्यापुरता. रात्री जंगलात गाडी उभी करून झोपणे धोक्याचे आहे.

मुक्की येथे मध्य प्रदेश पर्यटनाचे निवासस्थान आहे. तेथे किंवा अन्य खासगी निवासात कॅराव्हॅन उभी करू देतात का, वीज व शौचालय मिळेल का, हे आगाऊ विचारावे. सफारीला स्वतःचे वाहन चालत नाही. नोंदणीकृत जिप्सीच घ्यावी लागते. १ जुलै ते ३० सप्टेंबर गाभा क्षेत्र बंद असते. बुधवारी दुपारची सफारी नसते.

लांजीचा किल्ला बालाघाटच्या आग्नेयेस, निराळ्या वाटेवर आहे. तो परतताना पाहून आमगावमार्गे गोंदिया गाठता येते.