पुढच्या आसनावरचे प्रवासी

आपल्या घरातील आजी किंवा आजोबा शेवटचे घराबाहेर कधी पडले, हे जरा आठवून पाहावे. दवाखान्यात नेले ते दिवस मात्र मोजू नयेत.

माझे एक रुग्ण चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, गुडघे पूर्णपणे झिजलेले. रक्तदाब तपासत असताना त्यांनी मला विचारले, "डॉक्टर, कोपऱ्यावरचा पिंपळ आहे ना अजून?" त्या रस्त्याने मी रोज जातो, तरीही मला उत्तर देता आले नाही.

डेन्मार्कच्या राजधानीत, कोपनहेगनमध्ये, अशाच एका प्रश्नातून मोठे काम उभे राहिले. ओले कासो हे गृहस्थ सायकलने कामावर जात. वाटेवरील वृद्धनिवासाबाहेर बाकावर बसलेले एक वयोवृद्ध गृहस्थ त्यांना नेहमी दिसत. तरुणपणी हेही सायकलच चालवत असतील, असे त्यांच्या मनात आले. २०१२ साली त्यांनी एक सायकलरिक्षा भाड्याने घेतली आणि वृद्धनिवासात जाऊन कुणाला फेरफटका मारायचा आहे का, एवढेच विचारले. पुढे महापालिकेतील डॉर्थे पेडरसन यांनी साथ दिली आणि पहिल्या पाच रिक्षा आल्या. आज 'सायकलिंग विदाऊट एज' या नावाने हे काम सिंगापूरसह अनेक देशांत चालते. सायकल चालवणारे सारे स्वयंसेवक. त्यांना 'पायलट' म्हणतात. आपल्याकडील सायकलरिक्षेच्या उलट, येथे प्रवासी पुढे बसतो आणि चालवणारा मागे. वृद्धांच्या डोळ्यांसमोर कुणाची पाठ नसते, मोकळा रस्ता असतो. वेग मुद्दामच कमी ठेवतात, कारण गप्पा हा या फेरीचा अर्धा भाग आहे.

आज ऐंशीच्या घरात असलेली आपली पिढीही सायकलवरचीच. नगरपालिकेचा बिल्ला, रात्री दिवा नसला की पोलिसाने अडवणे, डबलसीट बसवून नेलेली बहीण! यांतले काही विचारून पाहा; एरवी अबोल असलेला माणूस अर्धा तास बोलतो.

वैद्यक म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगतो. नुसते बसून फिरल्याने व्यायाम होत नाही. घरातील चालणे, हातपाय हलवणे सुरूच ठेवावे. परंतु एकटेपणा हाही आजारास निमंत्रण देतो. लॅन्सेटच्या स्मृतिभ्रंशविषयक आयोगाने २०२४ साली टाळता येण्याजोगे चौदा धोके सांगितले, त्यांत सामाजिक एकाकीपणाचा समावेश आहे. यावरची गोळी मला चिठ्ठीवर लिहिता येत नाही.

मात्र आपले रस्ते कोपनहेगनचे नव्हेत. हाडे ठिसूळ झाली असतील तर खड्ड्याच्या एका दणक्याने पाठीचा मणका दबू शकतो. अशा रुग्णांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय नेऊ नये. निघण्यापूर्वी पलंगाच्या कडेला दोन मिनिटे बसू द्यावे, मग उभे करावे. एकदम उठल्यास चक्कर येते. लघवी वाढवणारी गोळी सकाळी असेल तर त्यानंतर काही तासांनी निघावे, पण गोळी चुकवू नये. (या एका भीतीपोटी बाहेर जाणे सोडलेले किती तरी वृद्ध मला ठाऊक आहेत, सांगायला संकोचतात.) इन्सुलिन घेणाऱ्यांना उपाशी नेऊ नये. श्रवणयंत्र घरी विसरू नये, नाहीतर गप्पा कसल्या? आणि सायकल चालवणारे स्वयंसेवक साठीचे असतील, तर छाती भरून येताच त्यांनी थांबावे. 'जरा दम लागला' म्हणून रेटू नये.

आमच्या भागात अशी रिक्षा नाही. पण सकाळी सायकल चालवणाऱ्या तरुणांचा एक गट आहे. त्यांच्याजवळ मी त्या आजोबांचा विषय काढला. एका रविवारी तिघे आले. हातांची भक्कम खुर्ची घेतली. दोघांनी ती पुढून-मागून धरली, तिसरा बाजूने आधाराला. प्रत्येक मजल्यावर विसावा. सूनबाई जिन्यात उभ्या राहून, "बाबा, घट्ट धरा हो," असे सारखे म्हणत होत्या. खाली ऑटोरिक्षा होती आणि तिच्या दोन्ही बाजूंनी सायकली. रिक्षावाल्याला बजावले होते, सायकलीपुढे जायचे नाही.

पिंपळ नव्हता. त्या जागी औषधांचे दुकान झाले होते. आजोबांना वाईट वाटेल म्हणून सूनबाईंनी रिक्षा वळवायला सांगितली. त्यांनी हात वर करून थांबवली. बराच वेळ पाहत राहिले.

"तोडला वाटतं," ते म्हणाले. मग सायकलवरच्या मुलाकडे वळून विचारले, "शाळेकडे जायला किती वेळ लागेल रे? माझी सायकल तिथंच चोरीला गेली होती."