खोप्यावरची ‘चिमणी’ कोण?

विहिरीवरच्या बाभळीला लोंबणारे सुगरणीचे खोपे आपण सर्वांनीच पाहिले आहेत. पण त्यातली मादी दाखवा म्हटले, तर बहुतेक जण पिवळ्या डोक्याच्या पाखराकडे बोट करतात. आम्हीही तेच करीत होतो, आणि त्यापायी एकदा मोठी चूक करून बसलो.

आडसाली लागणीचे दिवस होते. बाभळीच्या एका फांदीची सावली सरीवर पडते, म्हणून ती उतरवायला घेतली. फांदीला दोन खोपे होते. पिवळे पाखरू दिवसभर तिकडे फिरकले नव्हते. एक चिमणी तेवढी नळीतून आत-बाहेर करीत होती. खोपा ओसाड पडला, चिमणीने ताबा घेतला, असे धरून कोयता चालविला. खाली पडलेल्या खोप्यात तीन उघडी पिल्ले निघाली. शेजारच्या वस्तीवरच्या आजी म्हणाल्या, “आरं लेकरांनो, ती चिमनी न्हवं, आई हाय ती!” पिल्ले काही वाचली नाहीत.

तेव्हापासून आम्ही नीट पाहू लागलो. नाव बाईचे, पण विणकाम सगळे बाप्याचे! पावसाळ्यात विणीच्या हंगामात नराचे डोके पिवळेजर्द होते. मादी बारा महिने चिमणीसारखी मळकट. हंगाम सरला की नरही तसाच दिसतो, मग रंगावरून काही उमगत नाही. खरी ओळख पटते ती हंगामातल्या वागण्यावरून. नर गवताच्या, भाताच्या, आपल्या उसाच्याही पात्याच्या लांब पट्ट्या काढून टोपीसारखा अर्धा खोपा विणतो आणि त्याला लटकून पंख फडफडवीत ओरडतो. मग माद्या येतात. मादी आत शिरते, चोचीने वीण ओढून पाहते. लेक द्यायच्या आधी आपण घर पाहतो ना, तश्शी! नाही पटले तर सरळ उडून जाते. पटले तर तिथेच राहते, आणि नर अंड्यांची जागा व खालची नळी पुरी करतो. आतले मऊ अस्तर मादीचे. दोन ते चार पांढरी अंडी ती घालते आणि सुमारे पंधरा दिवस एकटीच उबवते. आणि नर? तो दुसऱ्या खोप्याच्या, दुसऱ्या मादीच्या नादी लागलेला असतो. पक्षितज्ज्ञ सालिम अली यांनी अलिबागजवळच्या किहीमला हा सगळा मामला पाहून लिहून ठेवला आहे.

म्हणजे आमचा हिशेब उलटाच होता. अर्धा, नळी नसलेला खोपा, त्यावर पिवळा गडी ओरडतोय, तर तो बहुधा रिकामा. नळी पुरी झालेली, पिवळा गायब, आणि मळकट पाखरू चोचीत किडा घेऊन आत शिरतेय, तर आत पिल्ले आहेतच. अंड्यातून निघाल्यावर उडायला त्यांना आणखी दोन-अडीच आठवडे लागतात. ज्वारी-बाजरीच्या कणसाला ही पाखरे उपद्रव देतात हे खरे. पण पिल्लांना नाकतोडे, अळ्याही भरवितात. फांदी उतरवायचीच तर दिवाळीनंतर, खोपे रिकामे झाल्यावर उतरवावी.

आमच्या त्या बाभळीला गेल्या पावसाळ्यात पुन्हा सात खोपे लागले. चारांत मादी जात-येत होती. तीन तसेच अर्धवट राहिले.