वली : निदान व मुखलेपातील दक्षता

वयपरत्वे त्वचेचा ऱ्हास पाचव्या दशकात होतो, असा शार्ङ्गधराचा क्रम आहे. चाळिशीपूर्वीची वली ही अकाली जरा समजून अतिआतप, तंबाखू, जागरण, रूक्षाहार ही कारणे प्रथम शोधावीत. निदानपरिवर्जनाविना तैल वा लेप निष्फळ ठरतो. रूक्ष त्वचेस कुंकुमादि तैलाचा मृदु अभ्यंग हितावह होय.

मुखलेपाविषयी अष्टांगहृदयाचा दंडक स्पष्ट आहे : शुष्क लेप छवी बिघडवितो, म्हणून तो ओला करूनच काढावा व नंतर अभ्यंग करावा. पीनस, अजीर्ण, जागरण यांत आणि नस्यानंतर लेप वर्ज्य होय. सबब ‘पूर्ण वाळल्यावर धुवावा’ अशी सूचना पुडीवर छापणे वा रुग्णास सांगणे शास्त्रविरुद्ध आहे. खोल वली समूळ नाहीशा करण्याचे आश्वासनही वैद्याने वा औषधविक्रेत्याने देऊ नये.