चिप, वॉरंटी आणि कुंभाराचं गाढव

आता कार्यकारणाचा प्रश्न गॅरेजमध्ये नेऊ. इंजिनाचा संगणक टर्बोचा दाब, इंधन वगैरे ठरवतो. बाहेरची चिप बसवली, किंवा हल्ली नुसतं सॉफ्टवेअर बदललं, की ताकद वाढते. मग टर्बोच गेला तर? अमेरिकेतला १९७५चा मॅग्नसन-मॉस कायदा सांगतो: केवळ बाहेरचा भाग बसवला म्हणून वॉरंटी नाकारता येत नाही, बिघाड त्यामुळेच झाला हे कंपनीने दाखवायचं.

आमचे नैयायिक घटाचं उदाहरण देतात. माती वाहणारं गाढव घटाआधी हजर असतं, पण ते त्याचं कारण नव्हे, ते ‘अन्यथासिद्ध’. खिडकीची मोटर बिघडली तर चिप म्हणजे ते गाढव. टर्बोबाबत तसं म्हणणं कठीण, दाब तिनेच वाढवलेला ना!

व्यवहारात मात्र तिथल्या फोक्सवॅगन-ऑडी डीलरला बदललेलं सॉफ्टवेअर आढळलं, की गाडीच्या नावावर ‘टीडी१’ शेरा पडतो आणि इंजिनाचे दावे अडतात. कारण तपासण्याआधीच निकाल! आम्हाला हे पटत नाही. काहीजण सर्व्हिसिंगआधी मूळ सॉफ्टवेअर परत टाकतात. पण किती वेळा बदल झाला, याची मोजणी अनेक संगणक स्वतःच ठेवतात.