इसब झालेल्या बाळाला दूर लोटू नका

माझ्या नातवाच्या गालांवर लाल, खरखरीत चट्टे होते, तर बायका त्याला कडेवर घ्यायला कचरायच्या. अगं, इसब लागट नसतं! थोड्या मोठ्या मुलांना ते कोपर-गुडघ्याच्या घडीत होतं. शेगाव-संग्रामपूरकडे खारपाणपट्टा, तसल्या जड पाण्याने कातडी जास्तच कोरडी पडते. म्हणून सुनेला म्हटलं, डाळीचं पीठ, वासाचा साबण, घासणं काही नको. कोमट पाण्याने पाच-दहा मिनिटांत आंघोळ, मऊ कापडाने नुसतं टिपणं आणि अंग ओलसर असतानाच भरपूर व्हॅसलीन. कपडे सुती, नखं कापलेली. स्टेरॉइडचं मलम डॉक्टर सांगतील तेवढेच दिवस. मेडिकलमधून मनाने आणायचं नाही. चट्टे चिघळले, पू किंवा ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.