शांतीखान्यातल्या बायका

बांगलादेशातल्या कॉक्स बाजार जिल्ह्यात, उखिया आणि टेकनाफच्या टेकड्यांवर, बांबू-ताडपत्रीच्या झोपड्यांत दहा लाखांहून अधिक रोहिंग्या राहतात. २५ ऑगस्ट २०१७ नंतर म्यानमारच्या लष्कराने रखाइन प्रांतात गावंच्या गावं जाळली, तेव्हा काही महिन्यांत सात लाखांहून अधिक माणसं सीमा ओलांडून इथे आली. त्यांत निम्म्याहून जास्त बायका आणि मुली. संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन मंडळाने २०१८ साली सामूहिक बलात्कारांची तपशीलवार नोंद केली.

अशा अत्याचारानंतरच्या उपचाराला वेळेची मर्यादा असते. एचआयव्ही टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, गर्भ राहू नये म्हणून द्यायची गोळी पाच दिवसांत. या बायका तर लपतछपत, पोरं कडेवर घेऊन, कित्येक दिवस चालत होत्या. अनेकजणी पोचल्या तेव्हा वेळ टळून गेली होती.

तिथे बांगलादेशातली एक जुनी तरतूद कामी आली. त्या देशात गर्भपाताला कायद्याने मनाई आहे. बाईच्या जिवावर बेतलं तरच परवानगी. पण १९७१च्या युद्धात बलात्कार झालेल्या बायकांसाठी सरकारने हा नियम शिथिल केला होता. पुढे १९७९पासून ‘पाळी नियमित करणे’ या नावाखाली पहिल्या काही आठवड्यांतली सेवा सरकारी कुटुंबनियोजनात आली. २०१७मध्ये छावणीतल्या दवाखान्यांतून रोहिंग्या बायकांना ती मिळू लागली. एका पिढीतल्या बायकांनी जे भोगलं, त्यातून झालेली सोय दुसऱ्या देशातून आलेल्या बायकांना उपयोगी पडली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. तरी कितीतरी जणी दवाखान्याची पायरी चढल्याच नाहीत. बभ्रा झाला तर नवरा टाकेल, मुलीचं लग्न जमणार नाही, ही धास्ती.

म्हणून शांतीखाना. फक्त बायकांसाठीची ही केंद्रं संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधी आणि त्याच्या सोबतच्या संस्था चालवतात. बाई शिवण-भरतकाम शिकायला निघाली की शेजारीपाजारी भुवया उंचावत नाहीत. आत बोलायला समुपदेशक असते, गरज पडली तर तिथूनच सुईणीकडे किंवा दवाखान्यात पाठवतात. काही जणी तर आधी नुसत्या बसून राहतात. बसू द्यावं त्यांना.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे युद्धाच्या झळा सोसलेल्या भागांत दर पाच माणसांमागे एकाला काही ना काही मानसिक विकार असतो. पण झोप उडवायला केवळ जुन्या आठवणी लागत नाहीत. रात्री अंधारात शौचालयाला जायची भीती म्हणून बायका दिवस मावळल्यावर पाण्याचा घोट घेत नाहीत. मग लघवीची जळजळ, संसर्ग. पाळीची कापडं उन्हात वाळत घालायची लाज, त्यामुळे ती झोपडीतच ओलसर राहतात. शौचालयाला आतून लागणारी कडी आणि वाटेवर एक सौरदिवा, हा माझ्या मते औषधोपचारच आहे.

रेशनचंही तसंच. २०२३ साली माणशी महिन्याला १२ डॉलरचं धान्य आधी १०वर आणि मग ८वर आलं. पुढे ते वाढवलं गेलं, पण हाता-तोंडाची गाठ सुटली की सगळ्यांत शेवटी जेवणारीच उपाशी राहते, आणि घरातली मारहाणही वाढते. पुरुषांना छावणीबाहेर काम करायची मुभा नाही. शांतीखान्यांतर्फे घरोघर फिरून गरोदर बायकांना तपासणीला नेणाऱ्या स्वयंसेविका बहुतेक याच छावणीतल्या. त्यांचं तुटपुंजं मानधन ही त्यांच्या घरात येणारी अनेकदा एकमेव रोख रक्कम असते, आणि निधी आटला की ती थांबते.